मुंगी चावली तरी पाय सुटत नाही

(दृश्य: गोव्यात सावई-वेऱ्यातलं एक कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. सकाळ. पाटाला पाणी सोडलेलं आहे. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, माडाच्या बुंध्याशी उभा.)

कमरेला कोयता. खोडाला पाडलेल्या खाचांत पावलं रोवत पाडेली वर निघतो. थोड्याच वेळात वरून हाक येते, "पयस रावात!" आम्ही कॅमेरा उचलून मागे सरतो. एकेक नारळ धप्पकन खाली येऊ लागतो.

आता फक्त त्याच्या पावलाकडे बघा. उजव्या पावलावर तांबड्या मुंग्या चढल्या आहेत. त्यातली एक कडकडून चावते.

(दृश्य: पावलाचं जवळून चित्रण. मग पाय, मेरुरज्जू आणि मेंदू यांची रेखाकृती.)

चावल्याची वर्दी दोन वाटांनी निघते. पहिली वाट वेगाची, सेकंदाला पाच ते तीस मीटर. तीव्र, नेमकी कळ तिथून येते. दुसरी वाट बारीक, आवरण नसलेल्या तंतूंची, सेकंदाला जेमतेम एक मीटर. म्हणून आधी चटका जाणवतो आणि सेकंद-दीड सेकंदाने मागाहून ती रेंगाळणारी आग.

पण मेंदूला कळ कळण्याआधीच पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूने हुकूम सोडलेला असतो. उजवा पाय मागे घे. आणि त्याच क्षणी डाव्या पायाला, ताठ राहा, सगळा भार आता तुझ्यावर. एक पाय उचलला की दुसऱ्याने अंग सावरायचं, ही जोडणी आपल्या सगळ्यांच्या मेरुरज्जूत आहे. अशा प्रतिक्षिप्त क्रियांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या चार्ल्स शेरिंग्टन यांना 1932 साली नोबेल पारितोषिक मिळालं, एडगर एड्रियन यांच्यासोबत.

मग पाडेल्याचा पाय खाचेतून सुटला का नाही? तो नुसता थरथरला आणि परत रुतला.

कारण मेंदूकडूनही खाली हुकूम येत असतात, आणि ते मेरुरज्जूचा हुकूम दाबून टाकू शकतात. इथे पाय सोडणं म्हणजे जीव सोडणं, हे मेंदूने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आम्हाला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत थोर वाटते. जन्मजात सवयीला शिकलेली शिस्त आवर घालते, तीही विचार करायला सवड नसताना. नवशिक्याला हे जमत नाही. वर्षानुवर्षं चढून चढून अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या, हालचालींचा मेळ राखणाऱ्या भागात, ती लय बसते. स्नायूंमधून आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातून क्षणोक्षणी खबर येत राहते, आणि वाऱ्याने माड झुलला की अंगही त्याच्याबरोबर झुलतं.

(दृश्य: पाडेली खाली उतरून पायरीवर टेकतो. घरची बाई पाण्याचा तांब्या आणून देते.)

खाली आल्यावरही छाती धडधडतेच आहे. वर तोल गेल्यासारखं झालं तेव्हा चेतातंतूंनी हृदयाला निमिषात दामटलं होतं. शिवाय मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींनी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडलं. ते ओसरायला काही मिनिटं लागतात, म्हणून हाताचा कंप लगेच थांबत नाही. तळहात भिजले आहेत ते भीतीने, पाठ भिजली आहे ती उकाड्याने. पण गोव्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि सुकल्याशिवाय तो अंग थंड करत नाही. आता व्हेगस नावाचा चेतातंतू सूत्रं हाती घेतो. हृदय मोकळं सोडलं तर मिनिटाला शंभरेक ठोके देईल. विश्रांतीत ते सत्तरच्या आसपास राहतं ते या तंतूने लगाम धरल्यामुळे.

(दृश्य: माडाचा शेंडा, खालून.)

आता एक गोष्ट, जी प्रत्येक कुळागरवाल्याला ठाऊक असायला हवी. मेरुरज्जू सुमारे 45 सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड. माडावरून पडून कणा मोडला आणि तो चिरडला, तर मेंदूचा हुकूम खाली पोचत नाही. काही आठवड्यांनी पाय कधीकधी आपोआप झटका देतो. घरच्यांना वाटतं, पाय हलला, आता बरा होणार. तो झटका बहुधा इजेच्या खालच्या, अजून जिवंत असलेल्या मेरुरज्जूचा असतो. त्यातून मेंदूशी संबंध पुन्हा जुळला असं ठरत नाही. ते डॉक्टरांनीच तपासून सांगायचं.

म्हणून पडलेल्या माणसाला काखेत धरून उठवू नका, पाणी पाजायला बसतं करू नका, रिक्षात कोंबू नका. हललेला मणका उरलासुरला मेरुरज्जूही कापू शकतो. 108 ला फोन करा. तोवर एकाने त्याच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान एका रेषेत स्थिर धरायची, आणि त्याच्याशी बोलत राहायचं. श्वास नीट चालू आहे ना, याकडे लक्ष ठेवा. रुग्णवाहिकेतली माणसं फळी घेऊन येतील. त्यांनी सांगितल्याशिवाय हात काढू नका.