रोज चालता ना? मग हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट, साताऱ्यातच प्रॅक्टिस करते. ही शेजारी दिसतेय ना, ती आमच्या घरातली जुनी लाकडी खुर्ची. आजचा व्हिडिओ तिचा आहे, मी नुसती बडबडायला बसलेय.

सातारकरांना चाला म्हणून सांगावं लागत नाही. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला जाऊन बघा, कानटोप्या घातलेली मंडळी ‘चार भिंती’ या स्मारकाकडे निघालेली असतात. २०१२ पासून आपल्या यवतेश्वर घाटात हाफ मॅरेथॉन होते, म्हणजे हवाच तशी आहे गावाची. तर असेच एक काका माझ्याकडे आले. वय ७१, रोज चार किलोमीटर चालणारे. "आवो मॅडम, मला काय बी झालं न्हाई, पोरानं उगंच आणलंय." म्हटलं बरं, खुर्चीतून उठा बघू. काकांनी दोन्ही हात टेकले, एक झोका घेतला, परत बसले, दुसऱ्या झोक्याला उठले. म्हटलं, आता हात छातीवर घडी घालून उठा. जमेना. काका रागानं बघत होते, पण माझ्याकडे नाही, खुर्चीकडे.

चालण्यानं दम टिकतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते, झोप लागते. ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीला फारसा भार पडतच नाही. संडासातून उठताना, एसटीची पहिली पायरी चढताना, ठेच लागल्यावर सावरताना लागते ती ताकद वेगळी. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही, कारण हात टेकायची सवय लागलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं ६५ च्या पुढच्यांसाठी असं आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, आणि शिवाय तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा. पहिलं आपण करतो. दुसरं कुणी सांगतच नाही.

काकांची चाचणी तुम्हीही करू शकता. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, चाकांची किंवा घसरणारी प्लॅस्टिकची नको. हात छातीवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजा. सत्तरीच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा आणि बाईला १० पेक्षा कमी वेळा उठता आलं, तर पाय कमजोर झालेत आणि पडायची भीती जास्त, असं धरतात. उठल्यावर चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन नवं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता ताटाकडे येऊ, कारण नुसत्या उठाबशांनी मांडी भरत नाही. काकांना विचारलं, काल काय खाल्लं? सकाळी चहा-खारी. दुपारी एक भाकरी, भाजी, आमटी. चारला परत चहा. रात्री "हलकं", म्हणजे आमटी-भात. आणि आमटी कशी, तर वाटीचा तळ दिसावा अशी! सगळं मिळून प्रथिनं फार तर २५-३० ग्रॅम. वजन ६० किलो असेल तर निदान ५० ग्रॅम तरी लागतात, म्हातारपणी थोडी जास्तच बरी. मी काकूंना एवढंच सांगितलं: आमटीत डाळ दुप्पट घाला. काकू म्हणाल्या, "ह्यांनाच पातळ लागते वो, भुरका मारायला."

महाग पावडरीचा डबा आणायची गरज नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्यासारखं कडधान्य, आपल्या जिल्ह्यातलाच, भौगोलिक मानांकन मिळालेला. मऊ शिजवून खा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधातही तेवढीच. कवळी बसत नाही म्हणून उसळ सोडलीत? पिठलं आहे की! त्याला दात लागतच नाहीत. एकादशीला साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टमय गोळा, त्यात दाण्याचं कूट आहे म्हणून थोडी अब्रू राहते. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची घट्ट आमटी करा. पापड-लोणचं रोज नको, दिवसाचं सगळं मीठ चहाच्या एका छोट्या चमच्याच्या आत बसलं पाहिजे. किडनीचा त्रास असेल, तर प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

पण हे लोकांपर्यंत न्यायचं कसं? मी आधी एका कॉलनीत शिबिर घेतलं. तक्ते लावले, माइक लावला. आले नऊ जण, त्यातले दोघं बीपी मोजून घ्यायला. मग एका भजनी मंडळात गेले. तिथं साठी-सत्तरीच्या बायका टाळ घेऊन पावली खेळत होत्या. दोन पावलं पुढं, एक मागं, भार या पायावरून त्या पायावर, मध्येच गुडघ्यात किंचित वाकणं. मी बघतच राहिले. तोल सांभाळायचे जे व्यायाम मी दवाखान्यात घसा फोडून सांगते, ते इथं ठेक्यावर चालले होते! वारी लोणंदवरून तरडगावला जाते, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, तेव्हा सगळे हौसेनं करतात. मग उरलेलं वर्षभर पाय का दुमडून बसायचं?

आता त्या मंडळात प्रत्येक अभंगानंतर दहा वेळा उठबस करतात, नंतर पेटीवाल्याच्या टेबलाला धरून टाचा वर-खाली. एक आज्जी सुरुवातीला म्हणाल्या, "देवाच्या दारात कवायत काय करायची?" आता त्याच मोजतात, आणि कुणी नऊवर थांबलं तर ओरडतात. घरी करायचं तर ओटा धरून, चहा उकळेपर्यंत. एवढा वेळ पुरतो.

आमचे काका पहिल्या दिवशी हात न टेकता शून्य होते. उशी ठेवून बैठक उंच केली, तेव्हा तीन जमले. तीन महिन्यांनी उशी काढली, आता नऊ होतात. बारा अजून लांब आहेत, आणि आमटीवरून घरात भांडण चालूच आहे.

चला, खुर्ची भिंतीला लावा. जवळ कुणाला तरी उभं करा. हात छातीवर, पाय जमिनीवर सपाट. मी ३० सेकंद गप्प बसते, घड्याळ इथं कोपऱ्यात दिसेल. तयार? उठा.