दमा, व्यायाम आणि टेकडीची वाट

पुण्यातील हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी येथे हिवाळ्यातही अंधार असतानाच चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. दमा असलेली अनेक माणसे मात्र तिकडे फिरकत नाहीत, कारण धाप लागेल, धावू नकोस, असे त्यांना लहानपणापासून बजावलेले असते. दमा आटोक्यात असेल, तर व्यायाम सोडण्याचे काहीही कारण नाही. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांना किशोरवयापासून दमा होता आणि त्यांनी २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून महिलांचा विश्वविक्रम केला.

एरवी आपण नाकाने श्वास घेतो, तेव्हा नाक हवा उबदार आणि दमट करून आत सोडते. चढ चढताना किंवा धावताना तोंडाने श्वास सुरू होतो, कोरडी हवा थेट श्वासनलिकांत शिरते, आतल्या अस्तरातील ओलावा उडून जातो आणि त्यामुळे तेथील पेशींतून स्रवणारी रसायने नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. हा त्रास बहुधा व्यायाम थांबवल्यानंतरच्या पाच ते पंधरा मिनिटांत सर्वाधिक जाणवतो. म्हणूनच माथ्यावर पोहोचून बाकावर टेकलेल्या माणसाची छाती आवळू लागते, खोकल्याची उबळ येते, आणि तो हे सारे वयावर ढकलतो. दरवेळी असे होत असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

थंडीत पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहतात, त्यामुळे ऊन वर आल्यावर निघावे आणि नाकातोंडावर मफलर घ्यावा. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे, मधूनमधून वेग वाढवावा. शेवटीही एकदम थांबू नये.

पंपाची (श्वासावाटे दम्याचे औषध घेण्याच्या इनहेलरची) सवय लागते, हा समज फार नुकसान करतो. रोजच्या पंपातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते थेट श्वासनलिकांत पोहोचते. ते नियमित घेतले, तर नळ्यांची सूज कमी राहते आणि व्यायामाने होणारा त्रासही घटतो. डॉक्टरांनी व्यायामापूर्वी पंप घ्यायला सांगितला असेल, तर तो साधारण पंधरा मिनिटे आधी घ्यावा. दाबून फवारा सोडणारा पंप आधी नीट हलवावा, श्वास पूर्ण बाहेर सोडावा, पंपाचे तोंड ओठांत घट्ट धरून पंप दाबतानाच सावकाश श्वास आत ओढावा आणि दहा सेकंद रोखावा. हे जमत नसेल, तर पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा साठवणारी पोकळ नळी, लावावा.

वाटेत श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर थांबून ताठ बसावे आणि तातडीचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावा. पंप घेऊनही आराम पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर सोबतच्या माणसाने वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.