पावसाळ्यात दार का अडतं

नमस्कार मंडळी. टेबलावर हे दोन ठोकळे बघा, दोन्ही पाइनचे. काल बादलीत टाकायच्या आधी दोन्ही या प्लायच्या खाचेतून आरामात जात होते, आता हा जातोय आणि हा... नाही, अडकला, राहू दे, खाच तुटेल. जुलैत कोकणातल्या दारांचं हेच होतं. मग आपण सुताराला बोलावतो, तो रंधा मारतो, दार लागतं, आणि मे महिन्यात बघावं तर कडेने फट!

लाकूड पाणी पितं कारण त्याच्या पेशींच्या भिंतीत हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाणी धरून ठेवतात. वरून रंग लावला तर पाणी उशिरा शिरतं इतकंच, कुठे टवका उडाला की संपलं. जो ठोकळा फुगला नाही त्याला रंग नाहीये, त्याचं ॲसिटिलेशन केलंय, म्हणजे ॲसेटिक अनहायड्राइड वापरून त्या गटांवर ॲसिटिल गट बसवलेत, आता पाण्याला धरायला हातच नाही. वास घेऊन बघा, व्हिनेगरचा येतो ना? प्रक्रियेत ॲसेटिक ॲसिड तयार होतं, त्याचा थोडा अंश राहतो.

अकोया नावाने हे लाकूड नेदरलँड्सच्या आर्नेममध्ये २००७ पासून बनतंय, झाड लवकर वाढणारा रेडिएटा पाइन. तिथे स्नेक गावाशी हायवेवर याचे पूल उभे आहेत, ६० टनी वाहनं पेलणारे. जमिनीच्या वर वापरलं तर कंपनी ५० वर्षांची गॅरंटी देते.

दुसरा प्रकार फिनलंडचा थर्मोवूड, वाफेत साधारण २१२ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात, केमिकल काही नाही. ऐकायला छान, पण लाकूड ठिसूळ होतं, आधी ड्रिल न मारता स्क्रू घुसवला की चिरतं, आणि वाळवीला ते दाद देत नाही असं समजू नका, म्हणून आपल्याकडे चौकटीला मी नाही सुचवणार. तिसरा प्रकार नॉर्वेचं केबोनी, त्यात लाकडात फर्फ्युरिल अल्कोहोल नावाचं रसायन मुरवतात, ते उसाच्या चिपाडापासूनही बनतं, आणि आपल्याकडे चिपाडाला काय तोटा!

आता माझीच फजिती सांगतो. घरच्या खिडकीला ॲसिटिलेटेड लाकूड हौसेने आणलं आणि बिजागऱ्यांना डब्यातले साधे लोखंडी स्क्रू मारले. त्या आंबट अंशाने एका पावसात स्क्रू गंजले, चौकटीवर काळे ओघळ आले. तेव्हा ३१६ ग्रेडचं स्टेनलेसच घ्या, समुद्राजवळ तर नक्कीच.

मग साग वाईट का? अजिबात नाही. जुन्या सागाचा गाभा फार टिकतो, पण आज चौकटीत गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड मिसळून मिळतं, ते कुजतं आणि बदनाम साग होतो. पाडलेल्या वाड्याचा साग मिळाला तर तोच घ्या, नवीन झाडही तोडायला लागत नाही. बाहेरून येणारं लाकूड महाग पडतं, सगळ्या घराला लावायची गरजही नाही. पश्चिमेच्या, पाऊस थेट झोडपतो त्या दोन-तीन खिडक्यांना लावा, एफएससी सर्टिफिकेट, म्हणजे लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं असल्याचा दाखला, मागा, आतली दारं जुन्या सागाची करा. आणि हा अडकलेला ठोकळा कुणाला सुटतोय का बघा, पण खाच सांभाळून.