स्क्वेल्चचा नॉब आणि टपावरचा अँटेना: गाडीतल्या रेडिओची खरी सेटिंग

[दृश्य: ठाणे, माजिवड्याजवळ रस्त्याकडेला उभी गाडी. डॅशबोर्डखाली लावलेला रेडिओ. आवाज: सलग खरखर.]

ही खरखर ऐकून घाबरू नका, रेडिओ एकदम ठणठणीत आहे. हा गाण्यांचा रेडिओ नाही, हॅम मंडळींचा, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने एकमेकांशी रेडिओवर बोलणाऱ्यांचा सेट आहे. एफएम रिसीव्हरला चॅनेलवर कोणीच सापडलं नाही की तो हवेतला आणि स्वतःच्या सर्किटमधला नॉइज फुल वाढवून स्पीकरला देतो. तो गप्प करायला जो नॉब असतो तो स्क्वेल्च. आणि आपल्याकडे हॅम मंडळींच्या गाड्यांत बसलं की बऱ्याचदा हा नॉब उजवीकडे टोकाला गेलेला दिसतो, गाडीत मस्त शांतता असते आणि रिपीटरवर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे पाठवणाऱ्या उंचावरच्या स्टेशनवर, लांबून कोणी हाक मारतंय ते गाडीवाल्याला कळतच नाही.

आता हा नॉब नेमकं करतो काय? माणसाचं बोलणं रेडिओवर साधारण 3 किलोहर्ट्झच्या आत बसतं. स्क्वेल्चचं सर्किट त्याच्या वरच्या भागातला नॉइज ऐकत बसलेलं असतं. समोरच्याने बटण दाबलं, कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून आणणारी लहर, आला, की एफएममध्ये नॉइज दबतो, तो दबलेला दिसला की सर्किट स्पीकर उघडतं. म्हणजे किती नॉइज दबला तर दार उघडायचं, एवढंच तुम्ही त्या नॉबने ठरवता. कमजोर सिग्नलमध्ये नॉइज अर्धवट दबतो, आपला कान त्यातूनही शब्द ओळखतो, पण घट्ट पिळलेला स्क्वेल्च तो सिग्नल कानापर्यंत येऊच देत नाही.

[दृश्य: नॉबवर बोटं, जवळून.]

लावायचा कसा ते बघा. इंजिन चालू ठेवा, कारण गाडी नेहमी तशीच वापरणार आहात. रिकामं चॅनेल घ्या, टोन बंद करा (तो काय ते पुढे सांगतो), आवाज मध्यम. नॉब पूर्ण डावीकडे, खरखर सुरू. आता अगदी सावकाश उजवीकडे... अजून... अजून थोडं... आणि हे, इथे थांबली. बोट सोडू नका, केसभर पुढे, बस्स. याच्या पुढे जो काही फिरवाल तो तुमच्याच रिसीव्हरच्या कमाईतून कापला जातो. काही रिगमध्ये, म्हणजे रेडिओ सेटमध्ये, नॉब नसतो, मेनूत आकडे असतात, तिथेही हिशोब हाच, जो सगळ्यात लहान आकडा खरखर थांबवतो तो ठेवायचा.

मी याबद्दल एवढं का बोलतोय? 26 जुलै 2005 आठवतोय ना, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, लाइट गेली, फोन लागेनात. अशा दिवशी जो माणूस मदत मागतो त्याच्या हातात बहुतेक 5 वॉटचा हॅन्डी, म्हणजे हातातला छोटा सेट असतो, त्यावर बोटभर रबरी अँटेना, आणि तो एखाद्या बिल्डिंगच्या जिन्यात उभा. त्याचा सिग्नल कमजोरच असणार. तुमच्या गाडीत 50 वॉटची रिग आहे म्हणून तो तुम्हाला हाक मारतो, आणि तुमचा स्क्वेल्च घट्ट पिळलेला. हे मला खरंच सहन होत नाही.

[दृश्य: कळवा पूल, विटावा, ठाणे-बेलापूर रोड. वर हाय टेन्शनच्या तारा.]

मग लोक नॉब पिळतात कशाला? कारण स्क्वेल्च मध्येच आपोआप उघडतो, फर्रर्र आवाज येतो, डोकं उठतं. कळवा-ऐरोलीच्या या तारांखाली आलो की सगळे त्यांनाच दोष देतात. पण एफएमचा स्क्वेल्च नॉइजवर चालतो, नुसता नॉइज वाढला तर तो उलट बंदच राहतो. तारांचं नुकसान वेगळं, लांबचा कमजोर सिग्नल त्या नॉइजखाली बुडतो. (27 मेगाहर्ट्झचे एएम सेट मात्र सिग्नलच्या जोरावर उघडतात, त्यांना तारांचा त्रास थेट होतो.) आपल्या गाडीत स्क्वेल्च उघडणारा चोर बहुतेक आतच बसलेला असतो, स्वस्तातला यूएसबी चार्जर, डॅशकॅम, बाजारातून बसवलेले एलईडी हेडलाइट. यांच्यातली स्विचिंग सर्किट्स नेमकी आपल्या फ्रिक्वेन्सीवर खोटा कॅरिअर टाकतात आणि रेडिओला वाटतं कोणीतरी आलं.

शोधायचं असं की गाडी उभी करा, स्क्वेल्च पूर्ण उघडा आणि एकेक वस्तू काढत जा. चार्जर काढला... खरखरीत फरक नाही. डॅशकॅमची वायर काढली... ऐकलंत? मघाशी बारीक शिट्टी होती ती गेली. त्या वायरवर फेराइट क्लिप, म्हणजे नॉइज अडवणारी क्लिप लावा, नाहीतर डॅशकॅम बदला, नॉबला हात लावू नका.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ही अल्टरनेटरची, आणि ती बऱ्याचदा आपल्याला नाही, समोरच्याला आपल्या आवाजात ऐकू येते. रिगची वायर लायटर सॉकेटमधून घेतली असेल तर पहिला संशय तिथे. 50 वॉटची रिग बोलताना 10 अँपिअरच्या आसपास किंवा जास्त ओढते, तिला सरळ बॅटरीवरून जाड वायर पाहिजे, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

टोनचंही सांगतो, म्हणजे सीटीसीएसएस, 67 ते 254.1 हर्ट्झमधले बारीक सूर. टोन लावला की तो सूर असलेल्या सिग्नललाच स्पीकर उघडतो. कामाचं आहे, पण त्याने गडबड दिसेनाशी होते, जात नाही. आणि टोन लावून बसलात तर बोलायच्या आधी मॉनिटर बटण दाबा, चॅनेलवर दुसरं कोणी बोलत असेल तर नाहीतर तुम्ही त्याच्या डोक्यावर जाऊन बसाल.

[दृश्य: पाम बीच रोड, चालती गाडी. एका बाजूला बिल्डिंगा, दुसरीकडे खाडी आणि कांदळवन.]

आता हा आवाज ऐका, फड-फड-फड, शब्द तुटतायत. सिग्नल सरळही येतो आणि बिल्डिंगांवर आपटूनही येतो, दोन्ही कुठे मिळतात कुठे एकमेकांना मारतात. 145 मेगाहर्ट्झला लहर साधारण 2 मीटरची, म्हणजे मीटर-मीटरवर खड्डा येऊ शकतो, आणि ताशी 60 च्या स्पीडला आपण सेकंदाला 16-17 मीटर पुढे जातोय. स्क्वेल्च घट्ट असेल तर प्रत्येक खड्ड्यात दार बंद-उघड होतं आणि वाक्याचा पार भुगा होतो. थोडा ढिला केला की फडफड राहते पण वाक्य कळतं. ट्रॅफिक सिग्नलला उभं असताना आवाज एकदम गेला तर गाडी हातभर पुढे घेऊन बघा, बऱ्याचदा परत येतो.

[दृश्य: तुर्भे, गॅरेजबाहेर गाडीचा टप. मॅग्नेट बेस.]

आता अँटेना. माझं मत विचाराल तर रेडिओवर कमी खर्च करा, पण इथे कंजूषी नको. लांबीचं गणित सोपं आहे, 300 ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. 145 ला 2.07 मीटर, त्याचा पाव म्हणजे अर्धा मीटर. एवढी एक काडी टपाच्या मधोमध लावली की झाला क्वार्टर वेव्ह, आणि खालचा पत्रा हा अँटेनाचाच दुसरा अर्धा भाग असतो. म्हणून मधोमध. कडेला लावलात तर एका बाजूला सिग्नल कमी जातो, बंपरवर लावलात तर गाडीच आडवी येते.

मॅग्नेट बेस बसवताना खालून आणि टपावरून धूळ पुसा, एक खडा अडकला तरी रंग खरवडतो आणि पकडही कमी होते. पॅनोरमिक सनरूफवाल्यांची मात्र पंचाईत, काचेला मॅग्नेट लागत नाही आणि पत्रा मिळत नाही. त्यांनी डिकीच्या कडेला क्लॅम्प लावावा, आणि क्लॅम्पचा स्क्रू रंग फोडून पत्र्याला भिडला पाहिजे.

फाइव्ह-एट्थ, म्हणजे लहरीच्या 5/8 लांबीची काडी घेऊ का, असं सगळे विचारतात. ती साधारण सव्वा मीटरची, बुडाला कॉइल असते, आणि वर आकाशात जाणारी पॉवर क्षितिजाकडे वळवते. उरण, जेएनपीटीच्या मोकळ्या सपाट भागात फरक जाणवतो. महापे-शिळफाट्याच्या चढावर किंवा उंच बिल्डिंगांच्या मध्ये, जिथे रिपीटर डोंगरावर वर असतो, तिथे साधी क्वार्टर वेव्ह मागे पडत नाही. शिवाय दीड मीटरची गाडी आणि वर सव्वा मीटर, पावणेतीन झाले, मॉलच्या बेसमेंटमध्ये बीमला ठोकणार. रोज पार्किंगमध्ये जाणाऱ्याने फोल्ड होणारा बेस घ्यावा किंवा क्वार्टर वेव्हच घ्यावी. आणि पारसिकच्या डोंगराचं काय, तो नवी मुंबई आणि मुंब्रा-शीळच्या मध्ये आडवा पडलाय, व्हीएचएफ, म्हणजे आपल्या 145 च्या लहरी, जवळपास सरळ जातात, डोंगराच्या पायथ्याशी पलीकडे उतरलात की कुठलाच अँटेना चमत्कार करत नाही, रिपीटर लागतो.

अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते एसडब्ल्यूआरच्या आकड्यावरून कळतं. त्याचा मीटर लावताना गाडी भिंतीपासून लांब मोकळ्यावर, दारं बंद. 1.5 आलं तर 4 टक्के पॉवर परत येते, 2 ला 11, 3 ला 25. दीडच्या आत आलं की पुरे, त्यापुढे काडी कापत बसू नका, कापलेली काडी परत जोडता येत नाही, म्हणून कापाल तेव्हा मिलिमीटरमध्ये. पण मीटर फसवतो हेही लक्षात ठेवा. पाणी शिरलेली केबल पॉवर खाऊन टाकते, परत येणारीही खाते, मग एसडब्ल्यूआर छान दिसतो आणि सिग्नल मात्र जात नाही.

[दृश्य: कनेक्टर उघडलेला, आतली जाळी काळी-हिरवी.]

हे बघा. खाडीची खारट हवा आणि पाऊस. कनेक्टरवर सेल्फ-फ्यूजिंग टेप ताणून गुंडाळा, आणि केबल दारातून आत घेताना आधी खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथे ठिबकून जाईल. चांगल्या आरजी-58 केबलमध्येसुद्धा 5 मीटरला 145 मेगाहर्ट्झवर साधारण पाचवा हिस्सा पॉवर जाते, 435 ला त्याहून जास्त, तेव्हा फालतू गुंडाळी सीटखाली ठेवू नका.

लायसन्स दूरसंचार विभागाचं, परीक्षा देऊन. त्याशिवाय या रिगचं बटण दाबायचं नाही.

[दृश्य: गाडी पार्क केलेली, हातात माइक.]

सगळं लावून झालं की रिपोर्ट घ्या, पण "येतंय का" एवढंच विचारू नका. इंजिन बंद ठेवून एकदा, चालू करून एकदा, आणि तिसऱ्यांदा ॲक्सिलरेटर दाबून, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला विचारा की मागे शिट्टी आहे का आणि आवाज तुटतोय का.