रांगेतलं सगळ्यात सावकाश यंत्र

[दृश्य: वह्या तयार करणारी तीन यंत्रं एका रांगेत. आखणी, शिलाई, कटिंग.]

आखणीच्या यंत्रातून दर २४ सेकंदांनी एका वहीचे कागद बाहेर पडतात. शिलाईला एका वहीमागे ६० सेकंद लागतात, कटिंगला ३६. म्हणजे ताशी वेग अनुक्रमे १५०, ६० आणि १००. मग तासाला वह्या किती तयार होतील?

या उदाहरणात हमखास दोन चुका होतात. कुणी तिन्ही वेगांची सरासरी काढतं आणि १०३ च्या आसपास पोचतं. कुणी सेकंदांची बेरीज करतं: २४, ६०, ३६ मिळून १२०. एका वहीला २ मिनिटं, म्हणून तासाला ३०. ही दुसरी चूक मला मोलाची वाटते, कारण त्या २ मिनिटांत तथ्य आहे. फक्त ते उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं आहे.

[दृश्य: घड्याळ. कटिंगमधून पहिली वही बाहेर येते.]

घड्याळ लावून बघू. पहिली वही बरोबर २ मिनिटांनी हातात येते. पण ती कटिंगला गेली तेव्हाच दुसरी शिलाईवर चढली होती. त्यामुळे दुसरी वही तिसऱ्या मिनिटाला येते, तिसरी चौथ्या मिनिटाला. पुढे दर मिनिटाला एक. वेग ताशी ६०, म्हणजे शिलाईचाच. आणि नेमक्या ६० वह्या हव्या असतील, तर वेळ ६० मिनिटं नाही, ६१ मिनिटं. पहिलीची २, उरलेल्या ५९ ची ५९.

[दृश्य: शिलाईच्या यंत्राशेजारी वाढत जाणारा कागदांचा ढीग.]

आता शिलाईच्या अलीकडे नजर टाका. तासाला १५० वह्यांचे कागद येतात, ६० वह्यांचे उचलले जातात, ९० चे पडून राहतात. ४ तासांत ३६०. पलीकडे कटिंगचं यंत्र मात्र दर मिनिटाला २४ सेकंद नुसतं थांबलेलं. एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला रिकामपण, आणि या दोहोंच्या मधे जे यंत्र सापडतं तोच बॉटलनेक.

काळ-काम-वेगाच्या धड्यात आपण वेगांची बेरीज करायला शिकतो. ती पद्धत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, ११५० च्या सुमारास, हौदाचं एक उदाहरण येतं. चार झरे तो हौद वेगवेगळे अनुक्रमे १ दिवसात, अर्ध्या दिवसात, १/३ दिवसात आणि १/६ दिवसात भरतात. दिवसाला १, २, ३ आणि ६ हौद, बेरीज १२. म्हणून चौघे मिळून १/१२ दिवसात. तिथे बेरीज चालते, कारण चारही झरे थेट हौदातच पडतात. आपल्या रांगेत कटिंगला कागद मिळतो तो शिलाईकडूनच.

बेरीज इथेही लागते, पण शिलाईचं दुसरं यंत्र शेजारी आणून ठेवलं की. ६० अधिक ६०, शिलाईचा वेग १२०. अनेक जण तेच उत्तर म्हणून लिहून मोकळे होतात. पण कटिंग अजून १०० वरच आहे! बॉटलनेक तिकडे सरकला; रांगेचा वेग १००. पहिली वही मात्र अजूनही २ मिनिटांनीच येते, कारण एका वहीची शिलाई काही लवकर होत नाही. त्यानंतर दर ३६ सेकंदांनी एक. ६० वह्यांना आता ३७ मिनिटं २४ सेकंद.

[दृश्य: पुन्हा एकच शिलाई यंत्र.]

शेवटी खराब मालाचं उदाहरण. आखणीत १० टक्के कागद बिघडले तर १५० चे १३५ उरतात. शिलाईला ६० पुरतात, तेव्हा तयार वह्या ६० च. तेवढेच १० टक्के कटिंगमध्ये बिघडले तर तासाला ५४. वाया गेलेल्या ६ वह्यांनी शिलाईची ६ मिनिटं खाल्लेली असतात, आणि शिलाईपाशी मोकळं मिनिट एकही नव्हतं.