परदेशात ट्रेकला निघालात? आधी इंधन बघा, स्टोव्ह नंतर

नमस्कार मंडळी! आपल्या साताऱ्यातून हल्ली कुणी लडाखला, कुणी नेपाळला, कुणी थेट युरोपात ट्रेकला निघतं. निघताना प्रश्न ठरलेला: स्टोव्ह कोणता घेऊ? माझं म्हणणं, जिथं जाताय तिथल्या दुकानात कोणतं इंधन मिळतं ते आधी शोधा.

कारण इंधन इथून नेताच येत नाही. गॅसचा डबा विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. अर्धा संपलेला असला तरी नाही. लिक्विड फ्युएलचा स्टोव्ह वापरलेला असेल तर टाकी रिकामी करून वास जाईपर्यंत धुवा, आणि एअरलाइनची परवानगी आधीच घ्या.

आता हा गॅसचा लांबट डबा बघा. केटरिंगवाले लाइव्ह काउंटरला वापरतात, तोच. यात बहुतेक वेळा नुसता ब्युटेन नावाचा गॅस असतो. डिसेंबरात कासच्या बाजूला यावर चहा मस्त होतो, आणि तिथंच आपली फसगत होते. ब्युटेन उणे 0.5 अंशाला उकळतो. त्याखाली डब्यातल्या द्रवाचा गॅसच होत नाही. डबा हलवला तर भरलेला, आणि ज्योत मात्र गेलेली. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून थोडी सवलत मिळते, पण उणे वीसच्या पहाटे तीही पुरत नाही. थंडीसाठी आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण हवं. आयसोब्युटेन उणे 11.7 ला उकळतो, प्रोपेन उणे 42 ला. हे मिश्रण बुटक्या, आट्यांच्या डब्यात येतं. काठमांडूला थामेलमध्ये मिळतं, पण तिथं पुन्हा भरलेले डबेही विकतात. आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही. गंजलेला, झाकण नसलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

फ्रान्समध्ये गावातल्या दुकानात बऱ्याचदा कॅम्पिंगगॅझ कंपनीचा निळा डबा दिसतो. त्याचा व्हॉल्व्ह वेगळा, आट्यांचा स्टोव्ह त्यावर बसत नाही. अ‍ॅडॅप्टर इथूनच घेऊन जा. स्वीडनमध्ये स्पिरिट सहज मिळतं, स्पिरिटवर चालणारा ट्रांगिया कंपनीचा स्टोव्ह तिथलाच. अमेरिकेत मोठ्या दुकानांत कोलमन फ्युएल, म्हणजे स्टोव्हसाठीचं शुद्ध केलेलं पेट्रोल; यालाच व्हाइट गॅस म्हणतात. आणि जपानमध्ये? आपला तो लांबट डबा सुपरमार्केटमध्येसुद्धा! उन्हाळ्यात तिथं फिरणार असाल तर साधी पोर्टेबल शेगडी पुरते.

देश बरेच आणि दिवस जास्त असतील तर मी मल्टीफ्युएल स्टोव्हच सांगेन. आजीचा पंप मारायचा पितळी स्टोव्ह आठवतो? त्याचंच हे हलकं भावंड. 1892 मध्ये स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट या माणसानं तसला पंपाचा प्रायमस स्टोव्ह आणला, 1953 ला एव्हरेस्टवरही प्रायमसच होते. मल्टीफ्युएलला रॉकेल, पेट्रोल, व्हाइट गॅस, यांतलं जे मिळेल ते चालतं. मात्र काही स्टोव्हना इंधनाप्रमाणे जेट, म्हणजे इंधन बाहेर पडायचा बारीक भोकाचा तुकडा, बदलावा लागतो. रॉकेल असेल तर बर्नर आधी नीट तापवायचा, नाहीतर भडका उडतो. जेट कचऱ्यानं तुंबतो, पिन मारावी लागते. ही सवय घरच्या अंगणात करा, बर्फात नको.

आणि कोणताही स्टोव्ह असो, बंद तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

तुम्ही कुठल्या देशात आणि कोणत्या महिन्यात निघालात ते खाली लिहा, तिथलं इंधन मी सांगतो.