बर्फ खणणारं गाव

फेब्रुवारीतली सकाळ. अजून नीट उजाडलेलंही नाही. ऐका... फावडं बर्फात शिरतंय. क्षणभर शांतता, मग खाली काहीतरी जड पडल्याचा आवाज. पुन्हा फावडं. घराच्या छपरावर माणूस उभा आहे आणि त्याच्या पायाखाली रात्रीत साचलेला बर्फ आहे.

हे मात्सुनोयामा. जपानच्या निगाता प्रांतातलं, डोंगरांच्या कुशीतलं गाव. २००५ पर्यंत त्याची स्वतःची नगरपालिका होती. आता ते शेजारच्या तोकामाची शहरात सामील झालंय. तोक्योहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने एचिगो-युझावा, तिथून बोगद्यांमागून बोगदे ओलांडणाऱ्या छोट्या गाडीने मात्सुदाई, आणि पुढे बस.

खरं तर हा मुलूख फार उंचावरही नाही आणि फार उत्तरेलाही नाही. श्रीनगरपेक्षा जेमतेम तीन अंश वर. मग एवढा बर्फ येतो कुठून? हिवाळ्यात सैबेरियाचा कोरडा, बोचरा वारा जपानच्या समुद्रावरून येतो. त्या समुद्रातून त्सुशिमाचा उबदार प्रवाह वाहतो. वारा त्याची वाफ पोटात घेतो, एचिगोच्या डोंगरांना धडकतो आणि सगळं ओझं इथेच उतरवतो. दोन-तीन मीटर बर्फ साचला तरी इथे कुणाला नवल वाटत नाही. जवळच्या मोरी-मियानोहारा स्टेशनवर एक उंच खांब उभा आहे. १२ फेब्रुवारी १९४५ ला बर्फ कुठवर आला होता, त्याची ती खूण: ७.८५ मीटर.

जपानभर छपरावरचा बर्फ ‘उतरवतात’. या भागातली माणसं ‘युकीहोरी’ म्हणतात, म्हणजे बर्फ खणणं. घरच गाडलं गेलं, तर उतरवणार कुठे? आधी खणूनच काढावं लागतं. हे काम जिवावरचं आहे. जपानमध्ये दर हिवाळ्यात बर्फ काढताना माणसं दगावतात, आणि त्यात म्हातारी माणसंच जास्त. तरुण मुलं शहरांत गेली, छप्परं मात्र इथेच राहिली.

पण या बर्फाने दिलंही खूप. दाराबाहेर पाऊल टाकता येत नसे, त्या महिन्यांत बायका माग लावून बसत. कोरड्या हवेत बारीक धागा तुटतो, बर्फाळ दमट हवेत टिकतो. त्या धाग्यांना खळ लावायला समुद्रातलं ‘फुनोरी’ नावाचं शेवाळ वापरत. तेच शेवाळ कुणीतरी बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठात मिसळलं आणि ‘हेगी सोबा’ तयार झाला. लाकडी तबकात या शेवया सुताच्या लडीसारख्या वळून मांडतात. मागावरची खळ अशी जेवणाच्या ताटात आली!

आणि पाणी. होशितोगेच्या उतारावर लहानमोठी दोनशेच्या आसपास भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. वसंतात वितळणारा बर्फ त्यांत भरतो, आणि प्रत्येक खाचरात आभाळाचा एकेक तुकडा दिसतो.

१५ जानेवारीला मात्सुनोयामाच्या गरम झऱ्यांजवळ गर्दी जमते. या गावची मुलगी केलेल्या जावयाला खांद्यावर मिरवत देवळापर्यंत नेतात आणि तिथून सुमारे पाच मीटर खाली, बर्फात फेकून देतात! ‘आमची पोरगी नेलीस ना, मग घे’ असा गावच्या पोरांचा हा जुना, प्रेमळ राग. प्रथा तीनशे वर्षांची. मग शेकोटीची राख बर्फात कालवून जो भेटेल त्याच्या तोंडाला फासायची आणि शुभेच्छा द्यायच्या. काळ्या तोंडांनी हसणारी ही माणसं पाहिली, की या गावाला कुणी ‘मरणपंथाला लागलेलं’ म्हटलेलं मला सहन होत नाही.

शाळा मात्र बंद पडतायत, हे खरं. हाची वाडीतली शाळा २००५ मध्ये मिटली, तेव्हा शेवटची तीन मुलं उरली होती. चित्रकार ताशिमा सेइझो यांनी २००९ मध्ये त्या इमारतीचंच एक चित्रांचं पुस्तक केलं. ती तीन मुलं त्यात आता रंगीत लाकडांच्या आकृत्या होऊन वर्गावर्गांतून धावतायत.

शिनानो नदीपलीकडे, ओइकेच्या टेकडीवर, आणखी एक बंद पडलेली प्राथमिक शाळा आहे. १९८२ मध्ये तिथे मिथिला संग्रहालय सुरू झालं. मधुबनीची चित्रं तिथे आहेतच. पण पुढे चला, त्या भिंतीपाशी थांबा. ही माणसं ओळखलीत? त्रिकोणांची अंगं, काडीसारखे हातपाय, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा फेर. डहाणूच्या पाड्यावरचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे या शाळेत येऊन राहिले, इथे बसून त्यांनी चित्रं काढली.

वारली चित्रांतला पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. शाळेच्या खिडकीतून बाहेर पाहिलं, तर खाली सगळी भाताचीच जमीन आहे. आत्ता ती दिसत नाही. एप्रिलपर्यंत दिसणारही नाही.